तळ्यावरचा धूर

या महिन्यांत 'पाणी' या शब्दाच्या कुळाविषयीं लिहीन असें मीं गेल्या अंकाच्या शेवटीं कबूल केलें होतें. तो लेख अर्धा झाला असतां घरांत एक विघ्न उपस्थित झालें, आणि गंमत अशी कीं त्या विघ्नाचाहि संबंध शेवटीं पाण्याशींच निघाला. तेव्हां या खेपेपुरती वाचकांनीं मला वचनभंगाची क्षमा करावी.

विघ्न म्हणजे गिटार. माझ्या धाकट्या बंधूंच्या नातवाला, म्हणजे आमच्या घरच्या रीतीप्रमाणें माझ्याहि नातवाला, दहावींत बरे गुण मिळाले म्हणून त्याच्या आत्यानें ती भेट पाठविली. तेव्हांपासून दिवेलागण झाली कीं माडीवरून तेच ते चार स्वर खालीं येऊं लागतात. चारच; पांचवा म्हणून नाहीं. पहिले दोन दिवस कौतुकाचे गेले. तिसऱ्या दिवशीं आमच्या कुटुंबानें जपाची माळ खालीं ठेवून माझ्याकडे पाहिलें. बंधूंनीं वर्तमानपत्र तोंडापुढें धरलें तें जेवणाची हांक येईपर्यंत काढलें नाहीं. आठव्या दिवशीं सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, तुम्हीच एकदां सांगून पाहा, तुमचें तो ऐकतो." चाळीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसाला एवढें पुरे होतें. मी जिना चढलों.

"काय रे, या गाण्याला पुढें कांहीं आहे कीं नाहीं?"

"आहे ना, आजोबा. पण गिटार शिकणारे सगळे जण आधीं एवढेंच शिकतात."

"नांव तरी काय त्याचें?"

"स्मोक ऑन द वॉटर."

पाण्यावर धूर! मी त्या क्षणीं रागवावयास आलों होतों हें विसरलों.

ज्या वाचकांनीं लहानपणीं अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह घोकला असेल त्यांस मी कां दचकलों हें सांगावयास नको. इतरांकरितां थोडें सांगतों. डोंगरावर धूर दिसला तर तेथें अग्नि असला पाहिजे, हें आपल्याकडील अनुमानाचें ठरीव उदाहरण. धूर आणि अग्नि एकत्र असतात याला दाखला स्वयंपाकघराचा. जेथें अग्नि नाहीं तेथें धूरहि नाहीं, याला दाखला मोठ्या तळ्याचा. पिढ्यान् पिढ्या नैयायिकांनीं तें बिचारें तळें या एकाच कामास जुंपलें आहे. थंडीच्या सकाळीं तळ्यावर जें दिसतें तें धुकें. त्यालाच धूर समजून अग्नीचें अनुमान करणारा विद्यार्थी वर्गांत हमखास आपलें हसें करून घेतो. आणि येथें कोणी विलायती गवई तळ्यावर धूर होता असें उघड गाऊन सांगतो, आणि पन्नास वर्षें जग तें ऐकून घेत आहे!

मीं नातवाला समोर बसविलें आणि सगळी हकीकत विचारली. त्यानें थोडी सांगितली, उरलेली मीं गेल्या तीन आठवड्यांत मिळवून वाचली. ती अशी आहे.

हार्ड रॉक म्हणून जो गानप्रकार आहे तो १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेंत रूढ झाला. विजेनें आवाज वाढविलेल्या गिटारी, जोराचा ढोल आणि टिपेचा गळा ही त्याची मुख्य सामग्री. हा प्रकार मला आवडूं लागला आहे असें लिहिलें तर घरचीं माणसें हसतील. पण आवडत नाहीं म्हणून समजूनहि घ्यावयाचा नाहीं, असा नियम मीं शाळेंत कधीं केला नाहीं. या प्रकारांत नांवारूपाला आलेला डीप पर्पल नांवाचा इंग्रज वादकसंच १९६८ सालीं निघाला. १९७१ सालीं त्यांत पांच जण होते. गाणारा इयन गिलन, गिटारीवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, खर्जाच्या गिटारीवर रॉजर ग्लोव्हर आणि ढोलावर इयन पेस.

त्या वर्षाच्या डिसेंबरांत हे पांच जण स्वित्झर्लंडांतील माँत्रो या गांवीं गेले. जिनीव्हाच्या प्रचंड सरोवराच्या पूर्व टोकाशीं, एका बाजूस आल्प्सच्या उतरणी आणि दुसऱ्या बाजूस पाणी, असें तें श्रीमंत प्रवाशांचें गांव आहे. काठाशीं १८८१ सालीं बांधलेला कॅसिनो होता. कॅसिनो म्हणजे द्यूतगृह. पण या वास्तूंत गाण्याच्या बैठकींचें एक मोठें सभागृहहि होतें. १९६७ पासून गांवांत सुरू झालेला जॅझ संगीताचा वार्षिक महोत्सव तेथेंच भरे. हिवाळ्यांत दुरुस्तीसाठीं कॅसिनो बंद व्हावयाचा होता, आणि तो रिकामा झाल्यावर तेथें बसून आपली नवी गीतमुद्रिका तयार करावी असा या मंडळींचा बेत होता. त्यासाठीं त्यांनीं रोलिंग स्टोन्स या दुसऱ्या प्रसिद्ध संचाच्या मालकीची एक मोटारगाडी भाड्यानें घेतली होती. गाडीच्या पोटांत ध्वनिमुद्रणाची सगळी यंत्रें. गाडी दाराशीं उभी करावी, तारा आंत न्याव्या आणि गाण्यास आरंभ करावा.

कॅसिनो बंद होण्यापूर्वींची शेवटची बैठक ४ डिसेंबर १९७१ रोजीं होती. गाणारे अमेरिकन, फ्रँक झॅपा आणि त्याचा मदर्स ऑफ इन्व्हेन्शन हा संच. डीप पर्पलचीं माणसेंहि श्रोत्यांत होतीं. सभागृहांत दोन हजारांवर माणसें, बहुतेक तरुण. बैठक बरीच पुढें गेली असतां, विजेच्या स्वरयंत्रावर एकाचें वादन चाललें असतां, श्रोत्यांपैकीं कोणीतरी छताकडे पिस्तूल झाडलें. गोळीचें पिस्तूल नव्हे. संकटांत सापडलेलें जहाज आकाशांत जळता तेजस्वी गोळा उडवून इशारा देतें, तसला गोळा उडविणारें. छत वेताच्या कामानें मढविलेलें होतें. वाळलेला वेत आणि जळता गोळा!

झॅपानें वाजविणें थांबविलें आणि आवाज न चढवितां लोकांना शांतपणें दाराकडे चालावयास सांगितलें. त्या बैठकीचें ध्वनिमुद्रण कोणी केलेलें होतें, म्हणून हें नुसतें सांगोवांगीचें नाहीं. त्याचा तो स्वर आजहि ऐकावयास मिळतो. तो ऐकून मला त्या माणसाच्या गाण्यापेक्षां त्याच्या त्या चार वाक्यांचें अधिक वाटलें. आरंभीं लोकांना आग इतकी मोठी वाटलीच नाहीं. मग ती छताभर पसरली. अशा प्रसंगीं तरुण पोरें करतात तेंच कांहींनीं केलें: बाहेर पडण्याऐवजीं आंतच सुरक्षित राहूं अशा समजुतीनें तीं इमारतींतच थांबलीं. महोत्सवाचा चालक क्लोद नॉब्स पुन्हां पुन्हां आंत शिरला आणि सांपडतील तितक्यांना ओढून बाहेर आणूं लागला. त्या वेळीं तो पस्तीस वर्षांचा होता; मूळचा पाककलेचें शिक्षण घेतलेला, म्हणजे नैयायिकांच्या धुराच्या उदाहरणांतलाच माणूस म्हणावयाचा. इमारत सर्वस्वीं जळाली. झॅपाच्या संचाचीं सगळीं वाद्यें खाक झालीं. कांहीं जण जखमी झाले. मेलें मात्र कोणी नाहीं.

या शेवटच्या वाक्यावरून नजर सहज पुढें जाते. म्हणून थोडें थांबतों. २००३ सालीं अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड राज्यांत एका लहानशा गानगृहांत वादकांच्याच आतषबाजीनें भिंतीवरच्या फोमला आग लागली, तेव्हां १०० माणसें मेलीं. २०१७ च्या डिसेंबरअखेर मुंबईंत कमला मिलच्या आवारांतील उपाहारगृहांना आग लागली, त्यांत १४ जीव गेले. तें वर्तमानपत्र आमच्या घरांतील मुलांपासून दोन दिवस लपवावें लागलें होतें. माँत्रोस दोन हजारांवर माणसें आणि जळतें छत असतां एकहि प्रेत बाहेर काढावें लागलें नाहीं, याला दैवाचा जो भाग असेल तो असो. पण एकाचा शांत आवाज आणि दुसऱ्याचे दोन हात यांचाहि त्यांत वांटा होता.

आतां डीप पर्पलची मंडळी. मुक्कामाच्या हॉटेलाच्या खिडकींतून ते कॅसिनो जळतांना पाहत होते. डोंगराकडून वारा सुटला होता, आणि धुराचा पट खालीं वांकून सरोवराच्या पाण्यावर पसरत चालला होता. काठावर ज्वाळा, पाण्यावर धूर. पुढें कांहीं दिवसांनीं रॉजर ग्लोव्हर पहांटे झोंपेतून अर्धवट जागा झाला तो हेच शब्द तोंडांत घेऊन. त्यानें ते गिलनला सांगितले. त्याला वाटलें, हें नांव तर अमली धुराच्या व्यसनाचें गाणें वाटेल, आणि आपला संच तर मद्याकडे झुकणारा! म्हणून तें नांव कांहीं दिवस तसेंच बाजूला पडून राहिलें. व्यसनांतहि मनुष्याला पंक्तिभेद असतो, तो असा.

येथें नैयायिकाची शंका मी मिटवून टाकतों, म्हणजे पुढें जातां येईल. नातवानें मला विचारलेंच, "मग आजोबा, तुमचें तळें खोटें पडलें कीं नाहीं?" पडलें नाहीं. शास्त्रानें धुरालाहि अट घातलेली आहे: तो मुळापासून अखंड वर गेलेला दिसला पाहिजे. वाऱ्यानें तुटून पाण्यावर आलेला लोट अनुमानाला उपयोगी नाहीं, कारण त्याचें मूळ तळ्यांत नाहीं, काठावर आहे. "म्हणजे खिडकींतून मूळहि दिसत होतें, म्हणून ते चुकले नाहींत," असें पोरानें आपण होऊन म्हटलें. मला फार बरें वाटलें. त्याला मीं तर्कसंग्रह शिकवावयास घेतला असता तर तो पहिल्याच दिवशीं पळाला असता. त्याच्या चार स्वरांनीं त्याला आपल्या पायांनीं तेथें आणून सोडलें.

जागा जळाली, गाडी भाड्याची, दिवस मोजके. नॉब्सनेंच त्यांना गांवांतील पॅव्हिलियन नांवाच्या नाटकगृहाची जागा मिळवून दिली. तेथें रात्रीं त्यांनीं एका नव्या रचनेचें नुसतें वादन मुद्रित केलें; शब्द अजून नव्हतेच. आवाज एवढा, कीं शेजारपाजारचे लोक उठले आणि त्यांनीं पोलीस बोलाविले. संचाचे नोकर आंतून दारें दाबून धरून उभे राहिले, बाहेर पोलीस ठोठावताहेत, आंत वाजविणें चालूच. तें पुरें झाल्यावर दार उघडलें. लगेच जागा सोडावी लागली. शेजाऱ्यांची झोंप मोडून जन्माला आलेली ती रचना म्हणजेच आमच्या माडीवरचे चार स्वर. आमच्या शेजाऱ्यांनीं आजवर पोलीस बोलाविले नाहींत याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

मग त्यांना हिवाळ्यासाठीं बंद असलेलें ग्रँड हॉटेल मिळालें. ओसाड, गार पडलेलें. खालच्या मजल्यावरील बोळांत त्यांनीं वाद्यें मांडलीं. आवाज घुमूं नये म्हणून गाद्या उभ्या करून लाविल्या, ऊब यावी म्हणून विजेच्या शेगड्या आणल्या, कांहीं तांबडे दिवे टांगले. मुद्रण करणारा मार्टिन बर्च बाहेर गाडींत, वादक आंत. वाजविलेलें कसें उतरलें हें ऐकावयास गाडीपर्यंत जावयाचें तर खोल्या, गच्च्या आणि बर्फ ओलांडून जावें लागे. कंटाळून त्यांनीं तें ऐकणेंच सोडलें आणि जें उतरेल तें उतरेल म्हणून वाजवीत राहिले. ६ ते २१ डिसेंबर, इतक्या दिवसांत सात गाण्यांची 'मशीन हेड' ही मुद्रिका तयार झाली. सातवें गाणें कमी पडत होतें, म्हणून पॅव्हिलियनमधील तें बिनशब्दांचें वादन पुन्हां बाहेर काढलें. शब्द कशावर लिहावे? जें घडलें तेंच लिहूं, असें ठरलें. ग्लोव्हरला झोंपेंत सुचलेलें नांव तयार होतेंच.

संगीताविषयीं थोडें. नातवाकडून ते चार स्वर सावकाश वाजवून घेतले तेव्हां ते षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम आणि क्षणभर डोकावणारा तीव्र मध्यम असे निघाले. यांत राग शोधूं नये, सांपडावयाचा नाहीं. पण एक मौज आहे. ब्लॅकमोर प्रत्येक स्वराबरोबर त्याच्या खालचा आणखी एक स्वर त्याच क्षणीं छेडतो, आणि त्या दोहोंतलें अंतर षड्ज-मध्यमाचें आहे. आपल्या तंबोऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाची आणि दुसरी षड्जाची. त्या दोन तारांतहि हेंच अंतर असतें. गिटारवाले ज्याला पिक म्हणतात तें न वापरतां तो हे दोन स्वर बोटांनींच एकदम उचलतो, म्हणून ते एकजीव उमटतात. प्रथम एकटी गिटार, मग झांजा आणि ऑर्गन, मग ढोल, मग खर्ज, अशी एकेक वाद्याची भर पडत जाते. ऑर्गनचा आवाजहि जॉन लॉर्डनें गिटारीच्या ध्वनिवर्धकांतून खरखरीत करून काढला आहे. मला हें ऐकतांना पंगतींत एकेक पदार्थ वाढीत यावा तसें वाटलें. पहिल्या ऐकण्यांत अर्थातच नुसता गोंगाट वाटला होता.

काव्य म्हणून पाहिलें तर शब्दांत कांहीं नाहीं. उपमा नाहीं, उत्प्रेक्षा नाहीं, यमकें बेताचीं. आम्ही सरोवराकांठच्या या गांवीं गाणीं मुद्रित करावयास आलों. अमक्याची बैठक चांगल्या जागीं होती. एका मूर्खानें ती जाळली. क्लोद आंतबाहेर धांवत पोरांना ओढून काढीत होता. मग आम्हांला रिकामें, गारठलेलें हॉटेल मिळालें. सातवींतल्या मुलानें सहलीचा निबंध लिहावा तसला क्रम. आणि नेमकें याचमुळें तें टिकलें असें माझें मत होत चाललें आहे. इतिवृत्त म्हणून तें फार प्रामाणिक आहे. गांवाचें नांव आहे, झॅपाचें नांव आहे, मोटारगाडीचा उल्लेख आहे, गाद्यांचा आणि तांबड्या दिव्यांचा देखील आहे. ज्यानें आग लावली त्याचें नांव मात्र नाहीं. मूर्ख म्हणून एका शब्दांत त्याची बोळवण केली आहे. ज्यानें पोरें बाहेर काढलीं त्याचें नांव आहे, आणि त्याच्यामागें इंग्रजींतलें एक लाडकें, भाषांतर न होणारें विशेषणहि लाविलें आहे. शिक्षा कोणालाच झाली नाहीं. म्हणजे त्या रात्रीचा न्याय म्हणून जो कांहीं झाला तो त्या गाण्यांतच झाला.

मुद्रिका १९७२ च्या मार्चमध्यें निघाली. या गाण्याकडून करणाऱ्यांचीच फारशी अपेक्षा नव्हती. इंग्लंडांत त्यांनीं सुटें विकावयास दुसरेंच गाणें निवडलें होतें. नॉब्स पुढें सांगत असे, कीं त्यानें तें प्रथम ऐकलें तेव्हांच हें सर्वांत गाजेल असें त्यांना बजावलें होतें. १९७३ सालीं अमेरिकेंत तें सुटें निघालें आणि तेथील बिलबोर्डच्या यादींत चवथ्या क्रमांकापर्यंत चढलें. झॅपाचें दुर्दैव मात्र संपलें नव्हतें. आगीनंतर सहाच दिवसांनीं, १० डिसेंबरला, लंडनमध्यें एका श्रोत्यानें त्याला रंगमंचावरून खालीं ढकललें. कित्येक महिने तो चाकांच्या खुर्चीत होता. तो १९९३ सालीं वारला.

कॅसिनो पुन्हां बांधून १९७५ सालीं उघडला. त्यांत एक ध्वनिमुद्रणगृह झालें, आणि तें १९७९ सालीं क्वीन या संचानें विकत घेतलें. त्या संचाचा गायक फ्रेडी मर्क्युरी लहानपणीं आमच्या पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहांत राहून शिकला, हें वाचून मला उगीचच मास्तरकीचा अभिमान वाटला, जणूं मींच त्याला पाढे शिकविले होते! त्याचें शेवटचें गाणें-बजावणें त्याच सरोवराकांठीं झालें, आणि १९९६ पासून त्याचा पुतळा तेथें पाण्याकडे तोंड करून उभा आहे. जवळच धुराच्या गाण्याचेंहि एक शिल्प आहे. त्यावर ते स्वर पाश्चात्य लिपींत कोरले आहेत.

आर्मीनियांत १९८८ च्या डिसेंबरांत मोठा भूकंप झाला, तेव्हां पीडितांच्या मदतीसाठीं इयन गिलन आणि इतर अनेक नामांकित गायक-वादक यांनीं १९८९ सालीं हेंच गाणें नव्यानें गाऊन मुद्रित केलें. पुढें त्या भूकंपांत हानि पावलेल्या गुम्री या गांवच्या संगीतशाळेसाठीं गिलननें २०११ सालीं आणखी एक मुद्रिका काढली. क्लोद नॉब्स २०१२ च्या नाताळच्या आदल्या दिवशीं बर्फावर घसरून पडला आणि २०१३ च्या जानेवारींत वारला. महोत्सवाच्या गाण्यांचा त्यानें जपलेला संग्रह त्याच वर्षीं युनेस्कोनें जागतिक स्मृतींच्या सूचींत घेतला.

येथें थांबावयास हरकत नव्हती. पण हें सर्व वाचीत असतां मला एका रात्रीं झोंप आली नाहीं, तें कारण सांगून टाकतों.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं मी ज्या शाळेंत होतों तिचें स्नेहसंमेलन होतें. पटांगणांत मांडव, मांडवांत पांच-सहाशें मुलें आणि पालक. नाटुकल्यांत शेवटीं उजेड पडावा म्हणून एका मुलानें कोणास न विचारतां रंगमंचावर भुईनळा लाविला. ठिणगी पडद्याला लागली. पडद्यामागची व्यवस्था माझ्याकडे होती. माझ्या हातांत कार्यक्रमाची यादी होती, आणि मी ती यादी धरून जागच्या जागीं उभा राहिलों. पाय उचलेनात. शाळेचे शिपाई मात्र धांवले. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत असूं. त्यांनीं जळता पडदा दोन्ही हातांनीं ओढून खालीं आणला आणि पायांखालीं तुडविला. पुढच्या रांगेतल्या मुलांना तर नाटकाचाच भाग वाटला. त्यांनीं टाळ्या वाजविल्या. मामांच्या हातांना फोड आले होते. महिनाभर ते घंटा डाव्या हाताच्या मनगटानें देत.

संमेलनाचें इतिवृत्त लिहिण्याचें काम माझें. मीं तें चांगलें लिहिलें, असें मुख्याध्यापक म्हणाले. त्यांत अध्यक्षांच्या भाषणाचा सारांश होता, बक्षिसांची यादी होती, देणगीदारांचे आभार होते. आगीविषयीं एक वाक्य होतें: किरकोळ अपघात वेळींच आटोक्यांत आला. कोणी आणला तें नव्हतें. त्या मुलाचें नांव मीं गाळलें तें बरोबरच केलें. मामांचें नांव गाळण्याला मात्र कारण कांहींच नव्हतें. खरें सांगावयाचें तर त्यांचें पूर्ण नांव मला ठाऊकच नव्हतें, आणि विचारावें तर ते म्हणते, "मास्तर, तुम्ही तेथेंच तर उभे होतां."

मामा आज हयात नाहींत. त्यांचे चिरंजीव कोठेंसे नोकरीस आहेत असें ऐकतों. गेल्या सोमवारीं मीं शाळेला पत्र लिहिलें आहे, कीं त्या वर्षाचा नोकरवर्गाचा हजेरीपट असेल तर त्यांतून मामांचें संपूर्ण नांव कळवावें, आणि त्या वर्षाचें इतिवृत्त जेथें बांधून ठेवलें असेल तेथें माझ्या सहीची एक पुरवणी चिकटविण्यास परवानगी द्यावी. पुरवणी लिहून तयार आहे, चार ओळींची. नांवापुरती जागा मोकळी सोडली आहे. नातवाला ती वाचून दाखविली, तेव्हां त्यानें दोन विशेषणें काढावयास सांगितलीं. मीं काढलीं.

शाळेचें उत्तर अद्याप आलें नाहीं. माडीवर नातू गाण्याच्या पुढच्या भागाला पोचला आहे. कुटुंबाचा जप आतां त्याच्या आधीं आटोपतो. 'पाणी' शब्दाचा लेख पुढच्या अंकीं.